जुनं वसतिगृह आणि बाहेर राहिलेली मुलं

आमच्या कॉलेजच्या माजी विद्यार्थी संघाचं पत्र जुलैच्या पहिल्या आठवड्यात आलं. शंभरी उलटलेल्या दगडी वसतिगृहाचं ‘नूतनीकरण आणि विस्तार’ करायचं ठरलं आहे. आहे त्या इमारतीवर दोन मजले चढवावेत, की ती उतरवून तिथे आठ मजली नवी बांधावी, याबद्दल माजी विद्यार्थ्यांनी मत कळवावं, असं त्यात लिहिलं होतं. सोबत देणगीचा फॉर्म होता.

रविवारी भाची आली. ती स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. जुन्या इमारती तपासायच्या आणि ठेवायची की उतरवायची याचा अहवाल द्यायचा, हे तिचं रोजचं काम. मी पत्र तिच्या हातात दिलं. तिनं ते उभ्याउभ्याच वाचलं.

“उतरवा,” ती म्हणाली.

“तू ती इमारत अजून पाहिलेलीसुद्धा नाहीस.”

“पाहीन ना. पण आधी तू इकडे ये, मामा.” आणि तिनं मला गॅलरीत नेलं.

आमचं घर कात्रजला, सातारा रस्त्यापासून दोन गल्ल्या आत. खाली विजेच्या खांबावर एकावर एक कागद चिकटवलेले होते. ‘मुलींसाठी कॉट बेसिसवर जागा’. ‘मुलांसाठी रूम, पाणी २४ तास’. पावसानं शाई ओघळली होती, फक्त फोन नंबर कुणीतरी पेनानं पुन्हा गिरवला होता. त्या खांबापाशी एक मुलगा उभा होता. पाठीवर सॅक, एका हातात नवी कोरी बादली, बादलीत स्टीलचं ताट आणि तांब्या, काखेत सुतळीनं बांधलेली गादी. मान वाकडी करून तो खांबावरचा नंबर मोबाइलवर लावत होता. सातारा, सांगली, कोल्हापूरकडून येणाऱ्या गाड्या शहरात शिरताना आधी कात्रजला लागतात. त्यामुळे त्या बाजूनं पुण्यात शिकायला येणाऱ्या किती मुलांचं पहिलं पाऊल आमच्याच चौकात पडतं.

“तुझ्या वसतिगृहात खोल्या किती?” तिनं विचारलं.

“बेचाळीस. खोलीत दोन कॉट.”

“म्हणजे ८४ मुलं. इमारत बांधली तेव्हा कॉलेजात कितीशी मुलं असतील? आणि आज? तुझ्या त्या कौलांखाली आजही ८४च झोपतात आणि उरलेली या खांबावरचे कागद वाचत फिरतात. इमारतीचं वय झालंय का, ती देखणी आहे का, हे नंतर बघू. आधी सांग, ती कुणासाठी आहे?”

मी म्हटलं, “८४ तर कागदावर. प्रत्यक्षात शंभराच्या आसपास असायचे. दर तिसऱ्या-चौथ्या खोलीत एक पॅरासाइट होता.”

पुण्यातल्या कुठल्याही वसतिगृहात राहिलेल्या माणसाला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. यादीत नाव नाही, पण दुसऱ्याच्या खोलीत चोरून राहतो, तो पॅरासाइट. शिवी नव्हे, ते एक पदच होतं. मी स्वतः पहिलं वर्ष पॅरासाइट म्हणून काढलं. दोन कॉटच्या मधल्या जागेत सतरंजी टाकून झोपायचो. रेक्टर फेरीला निघाले की कुणीतरी ओसरीवरून शीळ घालायचं आणि मी मागच्या दारानं न्हाणीघरात जायचो. घरून एसटीनं डबा यायचा, तो खोलीच्या मालकांबरोबर वाटून खायचा, हेच भाडं.

भाची माझ्याकडे बघत राहिली. “हे तू मला कधी सांगितलं नव्हतंस. म्हणजे तूही बाहेर राहिलेलाच होतास की! ज्या इमारतीनं तुला घेतलं नाही, तिच्यासाठी एवढा जीव का तुटतो तुझा?”

“यादीनं घेतलं नाही. ओसरीनं घेतलं.”

हे तिला पटेल असं सांगणं मला अवघड गेलं, पण सांगितलं. आमच्या त्या इमारतीत खोल्यांची दारं एका लांब ओसरीवर उघडतात. सात फूट रुंद ओसरी, खाली शहाबादी फरशी, बाहेरच्या अंगाला दगडी खांब आणि कमानी. अभ्यास ओसरीवर, भांडणं ओसरीवर, एप्रिलमध्ये झोपही ओसरीवर. कोण कुठल्या खोलीचा हे तिथे कुणी विचारत नसे. कुणाला ताप आला तर दहा खोल्यांना कळायचं, कुणाच्या घरून मनीऑर्डर आली नाही तेही कळायचं. मला पहिल्या सहामाहीची फी भरायला पैसे कमी पडले होते. ते कुणी जमवले हे मला आजतागायत नीट ठाऊक नाही, पण ओसरीवर जमले एवढं ठाऊक आहे. आताच्या वसतिगृहांत मधे अंधारा बोळ आणि दोन्ही बाजूंना बंद दारं. तिथे शेजारच्या खोलीतलं पोर दोन दिवस जेवलेलं नाही, हे कुणाला कळणार?

“ओसरीनं किती जागा खाल्ली असेल, काढू?” तिनं पत्राचा लिफाफा उलटा करून आकडे मांडायला सुरुवात केली. “खोली दहा बाय बारा. समोर सात फूट ओसरी, तीही भिंतीची जाडी न धरता. दर खोलीमागे सत्तर चौरस फूट तुम्ही मोकळे ठेवलेत. बेचाळीस खोल्यांचे किती झाले? जवळजवळ तीन हजार. या जागेत माझ्या हिशेबानं चाळीसएक मुलं झोपतील. तुझी ओसरी म्हणजे चाळीस मुलांची जागा, मामा.”

आकडा मला लागला. खोटं कशाला सांगू?

मग मी इतिहासाकडे वळलो. आमच्या पिढीला तोच आधार असतो. म्हटलं, “हे शहर वसतिगृहांनी घडवलंय. १८७९ साली डेक्कन कॉलेजात टिळक आणि आगरकर शिकत होते. पुढे काय करायचं यावर तिथे दोघांची तासन्‌तास चर्चा चालायची. त्यातूनच १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल निघालं, १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ साली फर्ग्युसन. कॉलेजातली व्याख्यानं कोण लक्षात ठेवतं? रात्रीची बोलणी उरतात. ती खोल्यांमधून आणि ओसऱ्यांवर होतात.”

“आणि सावरकरांची खोली,” ती म्हणाली. “ते उदाहरण तू देणारच. मीच देते.”

सावरकर १९०२ साली फर्ग्युसनमध्ये आले आणि वसतिगृहात राहू लागले. ऑक्टोबर १९०५मध्ये पुण्यात विदेशी कपड्यांची होळी झाली. त्याबद्दल प्राचार्य रँग्लर परांजपे यांनी त्यांना दहा रुपये दंड केला आणि वसतिगृहातून काढून टाकलं. त्यांची खोली आज जपून ठेवली आहे. ठरावीक दिवशी ती लोकांना पाहता येते.

“मी गेले होते पाहायला,” भाची म्हणाली. “रांगेत उभी राहून. खोली स्वच्छ, नीटनेटकी. ती जपलीच पाहिजे, याबद्दल माझा वाद नाही. पण बाहेर पडताना मनात आलं, वसतिगृह जपायचं म्हणजे त्यातल्या मुलाला बाहेर काढून दाराला कुलूप लावायचं, असं आपण ठरवलंय की काय? एक खोली अशी ठेवणं मला समजतं. पण तुमच्या कॉलेजानं उद्या अख्ख्या दगडी इमारतीचं ‘हेरिटेज सेंटर’ केलं, खाली फोटो लावले, वर सेमिनार हॉल केला, तर तू खूश होशील. ८४ मुलं मात्र आणखी बाहेर जातील.”

“मी खूश होणार नाही.”

“मग ते पत्रात लिही. आणि तू घेतलेल्या नावांत बाई एकही नाही, तेही लिही.”

इथे मी तिला थांबवलं. अण्णासाहेब कर्वे फर्ग्युसनमध्येच गणित शिकवायचे. त्यांनी १८९६ साली विधवांसाठी आश्रम काढला आणि १९०० साली तो हिंगण्याला एका झोपडीत नेला. तिथून कॉलेजापर्यंतचा रस्ता ते पायी तुडवत. ते मुलींचं वसतिगृहच होतं. बायकांना शिकायचं तर आधी राहायला सुरक्षित जागा पाहिजे, हे त्यांनी ओळखलं होतं. १९१६ सालचं महिला विद्यापीठ त्यानंतरचं.

“बघ ना,” ती म्हणाली, “तू माझ्याच बाजूचं बोलतोयस. झोपडीतून विद्यापीठ उभं राहिलं, कारण दार उघडं होतं. दगडी कमानी नव्हत्या म्हणून काही अडलं नाही. आणि कोल्हापूर घे. राजाराम कॉलेजच्या वसतिगृहात खेड्यातल्या बहुजन मुलाला जागाच मिळेना, म्हणून शाहू महाराजांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं. मग जैन, मुस्लिम, लिंगायत, नामदेव, १९०८ साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. आहे त्या वसतिगृहाला रंग देत बसले नाहीत ते. जागा वाढवल्या.”

“त्यांनी जुनं पाडलंही नाही.”

“बरं. भाऊराव पाटलांचं काय? साताऱ्यात १९२४ साली बोर्डिंग काढलं, सगळ्या जातींची मुलं एकत्र. १९२७ साली गांधीजींनी त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस हे नाव दिलं. मुलांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकले, शेवटी मंगळसूत्रही. तू मला सांग, या बोर्डिंगचा वारसा कुठल्या भिंतीत आहे? त्या मंगळसूत्रात आहे. आणि हाच सातारा रस्ता तुझ्या दारावरून जातो.”

यावर माझ्यापाशी उत्तर नव्हतं. मी चहा टाकायला आत गेलो.

चहा पिताना विषय दगडावर आला. मी म्हटलं, “काळा पाषाण आहे. दोन फुटी भिंती. शंभर वर्षं हललेल्या नाहीत, तुझं काँक्रीट तीस वर्षांत गळायला लागतं.”

“दगड आहे म्हणून भक्कम, असं पुन्हा म्हणू नकोस. १९९३ साली किल्लारीला दगडच पडले माणसांच्या अंगावर.”

“ते मातीत रचलेले होते. वर माळवदाचं ओझं.”

“बरोबर. भिंतीच्या दोन पदरांना सांधणारे आरपार दगड नव्हते, त्यामुळे पदर सुटले आणि वरचं ओझं खाली आलं. तुमची इमारत चुन्यात आहे, वर सागवानी कैच्या आणि कौलं, म्हणजे डोक्यावर भार कमी. ती बरीच बरी. म्हणून तर सांगते, त्यावर दोन मजले चढवायचे हा पर्याय पत्रात ज्यानं लिहिला, त्यानं तो आधी खोडावा. कौलं उतरवून त्या भिंतींवर काँक्रीटचे स्लॅब टाकायचे म्हणजे ज्या भिंतींना दीड मजल्याचं ओझं ठाऊक आहे, त्यांच्यावर चौपट वजन लादायचं. १९६७चा कोयनेचा धक्का पुण्यानंही अनुभवलाय. जुनं जपल्यासारखं दिसेल, पण ती फसवणूक होईल. पाडलेलं परवडलं.”

एवढ्या स्पष्टपणे ती बोलली तेव्हा पहिल्यांदा मला वाटलं, आम्ही दोघं एकाच इमारतीबद्दल बोलतोय.

मग तिनं मला जुन्या इमारती कशा मरतात ते सांगितलं. हे मला नवीन होतं. चुन्याची भिंत ओल घेते आणि सोडते. पावसाळ्यात दमट, उन्हाळ्यात कोरडी. शंभर वर्षं तिचं हे चाललेलं असतं. मग एखाद्या साली कुठेतरी गळतं म्हणून दरजांमध्ये सिमेंट भरतात, आतून सिमेंटचा गिलावा करतात, वर ऑइलपेंट. ओल आत अडकते. भिंतीला लोणा लागतो, पांढरी पूड सुटते, गिलावा फुगतो. तो काढून पुन्हा सिमेंटच लावतात. पुढे मुलांना रात्री मागे जावं लागू नये म्हणून कोपऱ्यातल्या दोन खोल्या तोडून संडास-न्हाणी करतात. नळाचं पाणी दिवसरात्र भिंतीत मुरतं. तुळईचं जे टोक भिंतीत बसवलेलं असतं ते कुजतं, वाळवी लागते. मग एक दिवस वरून तुकडा पडतो आणि तिला फोन येतो.

“मी तपासायला जाते तेव्हा दगड जवळजवळ कधीच दोषी नसतो,” ती म्हणाली. “दोष असतो पाण्याचा, आणि गेल्या चाळीस वर्षांत केलेल्या दुरुस्त्यांचा.”

“मग पाडायचं कशाला? दुरुस्ती नीट करा.”

“नीट दुरुस्ती कोण करणार? सिमेंट खरवडून काढायचं, चुना महिनाभर भिजत ठेवायचा, घाणीवर दळायचा, त्यात सुरखी, गुळाचं पाणी, बेलफळाचा काढा. हे काम जाणणारे गवंडी मोजके. टेंडर काढणाऱ्याला सगळ्यात कमी दराचा ठेकेदार लागतो आणि तो मार्चच्या आत बिल काढायला बघतो. चुना मार्चच्या आत वाळत नाही, मामा.”

मी अहमदाबादच्या आयआयएमचं उदाहरण काढलं. लुई कान या वास्तुकारानं आखलेली ती विटांची विद्यार्थी निवासं जगभर नावाजलेली. डिसेंबर २०२०मध्ये संस्थेनं सांगितलं, १८ पैकी १४ पाडणार. विटा झिजल्यात, छतातून काँक्रीट पडतंय, २००१च्या भूकंपानं तडे गेलेत. देशोदेशीच्या वास्तुकारांनी निषेध केला आणि १ जानेवारी २०२१ला संस्थेनं निर्णय मागे घेतला. पुढे नोव्हेंबर २०२२मध्ये पुन्हा भूमिका बदलली. त्याच आवारातलं कान यांचंच ग्रंथालय मात्र मुंबईच्या वास्तुकार ब्रिंदा सोमय्या यांच्या कार्यालयानं दुरुस्त करून दिलं आणि त्या कामाला २०१९ साली युनेस्कोचा पुरस्कार मिळाला.

“म्हणजे मनात आणलं तर होतं,” मी म्हटलं.

“होतं. पण एक फरक बघ. निषेध करणाऱ्यांपैकी कुणी त्या खोल्यांत झोपत नव्हतं. छत कुणाच्या डोक्यावर येणार होतं?” ती थोडं थांबली. “आणि तरी मला पाडण्याची ती घाई आवडली नव्हती, हेही खरं. आधी वर्षानुवर्षं देखभालीला हात आखडायचा आणि मग धोकादायक म्हणून बोर्ड लावायचा, हे मी फार ठिकाणी पाहिलंय.”

वसतिगृहातल्या आमच्या खोलीच्या खिडकीच्या दगडी उंबऱ्यावर कर्कटकाच्या टोकानं कोरलेली नावं आहेत. १९३०च्या दशकातली आहेत, माझ्या वेळची आहेत. यादीत नसलेल्या माझंही एक अक्षर तिथे आहे, नाव लिहायची हिंमत झाली नव्हती म्हणून नुसतं आद्याक्षर. हे तिला सांगितलं तेव्हा तिनं सहज म्हटलं, “तो दगड काढून नव्या इमारतीच्या दारात बसवता येईल.” मी तिच्यावर चिडलो. खिडकीतून काढलेल्या दगडाला काही अर्थ उरत नाही. त्या खिडकीत बसून कुणीतरी बाहेरचा पाऊस बघत ते कोरलं होतं, समोर चिंच होती. दारात बसवलेला दगड म्हणजे भिंतीवर लावलेला फोटो. ती गप्प बसली. मामाला दुखावलं हे तिला कळलं असावं, पण मत तिनं बदललं नाही.

संध्याकाळी पाऊस उघडला आणि आम्ही तलावाकडे चालत गेलो. कात्रजचा हा तलाव नानासाहेब पेशव्यांच्या काळातला, १७५०च्या सुमाराचा. मुळात दोन बांध. वरच्यात गाळ बसायचा आणि निवळ पाणी खालच्यात यायचं. तिथून माणूस आत चालू शकेल एवढ्या चिरेबंदी नळानं ते शनिवारवाड्यापर्यंत आणि गावातल्या हौदांपर्यंत जायचं. ना पंप, ना मोटर. नुसत्या उतारानं. मधे मधे हवेसाठी उच्छ्वास बांधलेले. भाचीला हे माझ्याहून जास्त माहीत होतं. त्या नळाचा उतार किती बारकाईनं राखलाय यावर ती दहा मिनिटं बोलली. बोलता बोलता डोळे चमकत होते.

“हा नळ कुणी पाडला?” मी विचारलं.

“कुणीच नाही.”

“मग?”

“वापर थांबला. पाणी दुसरीकडून आलं, हौद कोरडे पडले, मग कुणी लक्ष दिलं नाही. वर घरं झाली, कुठे सांडपाणी सोडलं.” ती चालता चालता थांबली. “हो. समजलं. तू म्हणतोस की जुनी इमारत वापरात राहिली तरच जगते. पण हेच मी सकाळपासून सांगतेय. मुलांशिवाय जपलेलं वसतिगृह हे कोरडा हौद आहे.”

मी तिला व्हर्जिनिया विद्यापीठाबद्दल वाचलेलं सांगितलं. जेफरसननं दोनशे वर्षांपूर्वी हिरवळीभोवती बांधलेल्या ५४ खोल्या. १९८७पासून तो परिसर जागतिक वारसा आहे आणि त्या खोल्यांत आजही शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी राहतात. न्हाणीघर खोलीत नाही, बाहेर चालत जावं लागतं, तरी तिथे जागा मिळणं हा मान समजतात. जवळच्या रांगेत कवी एडगर ॲलन पो राहायचा. ती एकच खोली काचेआड ठेवली आहे, बाकीच्या राहत्या.

“न्हाणीघर बाहेर,” ती म्हणाली, आणि तलावाच्या कठड्यावर बसून तिनं तोच लिफाफा पुन्हा काढला.

पुढचा अर्धा तास ती प्रश्न विचारत होती आणि मी आठवून सांगत होतो. मागे काय आहे? पत्र्याची जुनी मेस, बंद पडलेली. सायकल स्टँड, आता तिथे मोडकी बाकं रचलेली. रेक्टरचा बंगला, भोवती बाग. तिनं दगडी इमारतीचा आयत काढला आणि तो तसाच ठेवला. कोपऱ्यातल्या संडास-न्हाणीवर फुली मारली. मागच्या बाजूला भिंतीपासून सुटा असा एक उभा चौकोन काढला: सगळं पाणी तिथे, जुन्या भिंतीला नळाचा एक थेंब लागायला नको. आणि मेस, सायकल स्टँड आणि बंगल्याच्या जागेवर नवी इमारत.

“रेक्टरचा बंगला?” मी म्हटलं.

“एका कुटुंबाला बाग आणि मुलं खांबावरचे नंबर लावत फिरतात! रेक्टरना नव्या इमारतीत तळमजल्यावर घर देऊ. नव्या इमारतीत पाच मजले चढवता येतील. प्रत्येक मजल्याला एका बाजूनं उघडी ओसरी दे. सात फूट नाही देत तुला, पाच देते.”

“चाळीस मुलांची जागा खाईल म्हणालीस.”

“खाईल. एक मजला जास्त चढवू.” मग तिनं पेनचं टोक माझ्याकडे रोखलं. “पण ऐक. तपासणीत जुन्या इमारतीच्या तुळया गेलेल्या निघाल्या, पाया खचलेला निघाला, तर मी उतरवा असंच लिहिणार. तुझं अक्षर त्या उंबऱ्यावर असलं तरी. ८४ पोरांच्या जिवापुढे ते काही नाही.”

यावर आमचं एकमत झालं नाही आणि अजूनही नाही. माझं म्हणणं, तुळया बदलता येतात. ती म्हणते, पैसे आणि गवंडी मिळाले तर. महापालिकेच्या वारसा यादीत ती इमारत आहे का आणि कुठल्या श्रेणीत, हे आधी पाहायचं असं ठरलं. पहिल्या श्रेणीत असेल तर हात लावायलाच मर्यादा, दुसरीत आतले बदल आणि त्याच आवारात नवं बांधकाम करायला वाट असते.

मात्र दोन गोष्टी तिनं काढल्या, ज्या माझ्या मनातही आल्या नव्हत्या आणि पत्रातही नव्हत्या. पहिली: काम चालेल तेव्हा आज राहणारी मुलं कुठे जाणार? जुनं आधी रिकामं केलं तर दोन-तीन वर्षं ८४ कॉट नाहीशा होतात. त्यात दोन-तीन तुकड्या शिकून निघून जातात आणि मोकळं झालेलं दार मुलांसाठी पुन्हा उघडेलच असं नाही. म्हणून आधी मागची नवी इमारत पुरी करायची, मुलं तिच्यात हलवायची, मगच दगडी इमारतीला हात लावायचा. खर्च तेवढाच. फक्त क्रम बदलायचा.

दुसरी: नूतनीकरणानंतर फी किती?

“हे कुणी विचारत नाही,” ती म्हणाली. “फरशा नव्या, गरम पाणी, वायफाय, खोलीला लागून न्हाणीघर आणि दर तिप्पट. इमारत देखणी होते आणि ज्याच्यासाठी बांधली तो परत कात्रजला येतो. सरकारची स्वाधार योजना आहे ना, अनुसूचित जातीच्या ज्या मुलांना सरकारी वसतिगृहात जागा मिळत नाही त्यांच्यासाठी? पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६०,००० रुपये. त्यातले राहण्यासाठी २०,०००. महिन्याचे १,७०० रुपयेही झाले नाहीत. तुमच्या गल्लीत एवढ्यात कॉट मिळते का, विचार खाली.”

मी विचारलं नाही. मला उत्तर माहीत आहे. आमच्याच इमारतीत तळमजल्याच्या दोन खोल्यांत सात मुलं राहतात आणि प्रत्येक जण त्याहून जास्त भरतो.

रात्री तिला बसला बसवून आल्यावर मी संघाला उत्तर लिहिलं. वर दोन मजले चढवू नयेत, हे पहिल्याच ओळीत. दगडी इमारत ठेवावी आणि तिच्यात मुलंच ठेवावीत, संग्रहालय करू नये. चुन्याचं काम चुन्यातच करावं आणि त्याला वेळ द्यावा. मागची जागा आधी बांधावी. मुलींसाठी त्यात स्वतंत्र मजले असावेत. ओसरी असावी. रेक्टरच्या बंगल्याचंही लिहिलं. तेव्हा हात जरा अडखळला, पण लिहिलं. लिफाफ्यावरची भाचीची आकृती फोटो काढून जोडली.

माझ्याबरोबर शिकलेल्या, आणि माझ्यासारख्याच कुठल्यातरी जुन्या वसतिगृहात राहिलेल्या किंवा चोरून राहिलेल्या वाचकांना एक विनंती आहे. असं पत्र तुमच्याकडेही येईल. पुण्यातली, कोल्हापुरातली, मुंबईतली कितीतरी वसतिगृहं आता याच वयाला आली आहेत. देणगीच्या फॉर्मवर शेवटी एक रकाना असतो: देणगीदाराच्या नावाची पाटी कुठे लावावी? तो कोरा सोडा आणि त्या जागी आपल्या हस्ताक्षरात विचारा: कॉट किती वाढणार, आणि एक कॉट कितीला मिळणार? उत्तर आल्यावर चेक पाठवा.